लिफ्टचं बिल कोण भरणार?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की सुतारवाड्यात आवराआवर सुरू होते. गॅसची शेगडी, मुलांची दप्तरं, कागदपत्रांची पिशवी घेऊन कुटुंबं चित्रदुर्ग मठात जातात आणि पाणी उतरलं की चिखल काढायला परत येतात. 2019 आणि 2021 साली तर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीच्याही वर बारा फुटांहून अधिक चढलं. अशा वेळी "यांना एकदाची उंच इमारतीत पक्की घरं द्या" असं म्हणणाऱ्याच्या मनात कणवच असते. सोबत उपायही सुचवला जातो: जागा सरकारी, बांधणार बिल्डर, निम्मी घरं मूळ रहिवाशांना फुकट, निम्मी बाजारभावाने विकायची. गरीब-मध्यमवर्गीय एकत्र राहतील आणि सरकारला दमडीही लागणार नाही.

यातला "एकत्र राहतील" हा भाग मला मनापासून पटतो. "दमडीही लागणार नाही" हा भाग कोल्हापुरात खरा ठरणार नाही, आणि तो खरा मानून पाया खोदला तर पंधरा वर्षांत आपण उभी झोपडपट्टी बांधलेली असेल. घर बांधायला किती पैसे लागतात यावर सगळे बोलतात. ते पुढची पन्नास वर्षं चालवायला किती लागतात, हे मात्र बैठकीत कुणी विचारत नाही.

हा प्रश्न न विचारल्याचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकेत सेंट लुइस शहरात आहे. 1954 ते 1956 या काळात तिथे प्रुइट-आयगो नावाची सार्वजनिक वसाहत उभी राहिली. 11 मजल्यांच्या 33 इमारती आणि 2,870 घरं. 1972 मध्ये तिचं पाडकाम सुरू झालं, 1976 पर्यंत सगळी जमीनदोस्त झाली. दोष वास्तुरचनेला देण्याची पद्धत पडली, आणि रचनेत खोट होतीच: पैसे वाचवायला लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची. पण खरी मेख पैशात होती. बांधायला केंद्राचा पैसा मिळाला, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातूनच करायची होती. शहराची लोकसंख्या घटत होती, घरं रिकामी पडू लागली, भाडं कमी जमलं, दुरुस्ती थांबली. दुरुस्ती थांबली म्हणून आणखी लोक गेले. अकरा मजल्यांची इमारत निम्मी रिकामी झाली तरी लिफ्ट, पाइप आणि छप्पर पुरतंच सांभाळावं लागतं, खर्च निम्मा होत नाही.

आता हाच हिशेब कोल्हापुरात मांडू. एक विंग घ्या. खाली पार्किंग, वर 7 मजले, मजल्यावर 8 घरं, एकूण 56 घरं, दोन लिफ्ट. महिन्याचा खर्च सावधपणे असा धरू: दोन लिफ्टचा देखभाल करार 8,000, लिफ्ट-पंप-जिन्याच्या दिव्यांची वीज 15,000, झाडलोट 9,000, रात्रीचा वॉचमन 13,000, टाक्या धुणं, अग्निशमन यंत्रणेची तपासणी आणि बारीकसारीक दुरुस्ती 8,000, विमा व हिशेब-तपासणी 3,000. बेरीज 56,000, म्हणजे घरटी 1,000 रुपये. इथपर्यंत लोक येतात आणि "हजार तर देतीलच की" म्हणून थांबतात.

पण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घराच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची शिल्लक) आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करायचा असतो. 400 चौरस फूट कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या) घराला भिंती, जिना, पॅसेज, लिफ्ट धरून साधारण 560 चौरस फूट बांधकाम येतं. 2,400 रुपये दराने त्याचा खर्च 13 लाख 44 हजार. त्याचा एक टक्का म्हणजे वर्षाला 13,440, महिन्याला 1,120. म्हणजे खरा आकडा 2,120 रुपये. घरफाळा, पाणीपट्टी, घरातलं वीजबिल याहून वेगळं. महिन्याला 15,000 कमावणाऱ्या घराचा हा सातवा हिस्सा झाला, तोही "फुकट" घरात राहण्यासाठी.

मग काय होतं ते ठरलेलं आहे. 56 पैकी 18–20 घरांची थकबाकी राहते. पहिल्यांदा सिंकिंग फंड बंद होतो, कारण त्याची तूट डोळ्यांना दिसत नाही. नंतर लिफ्टचा करार सुटतो. लिफ्टमध्ये आधी बिघडतं ते मजल्यावरच्या दाराचं लॉक आणि सेन्सर, कारण सामान चढवताना दार पायाने अडवलं जातं. त्याच्यापाठोपाठ वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून सोडणाऱ्या यंत्राची बॅटरी जाते. ती दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, पण चालू असेपर्यंत कुणाला आठवत नाही. एकदा मूल तासभर लिफ्टमध्ये अडकलं की बायका ती वापरायचं सोडतात. सहाव्या-सातव्या मजल्यावरचे लोक भाडेकरू ठेवून किंवा नोटरीच्या कागदावर घर विकून निघून जातात, आणि नव्या भाडेकरूला थकबाकीशी देणंघेणं नसतं.

कोल्हापुरात याला पुराची जोड आहे. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पूर वरचेवर जिथवर येतो त्या रेषेच्या आत घर बांधायचंच नाही, हे पक्कं. निळ्या आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) रेषेच्या मधल्या पट्ट्यात किंवा जयंती नाल्याच्या काठापासून थोड्या अंतरावर इमारत आली, तरी काही गोष्टी नकाशातच ठरवाव्या लागतात. लिफ्टचा खड्डा जमिनीखाली साधारण दीड मीटर असतो. पाणी पहिल्यांदा तिथे शिरतं आणि खालचे स्विच, बफर, लिफ्टचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची पुली गंजवतं. इशारा पातळी येताच लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन तिची वीज तोडायची, हे वॉचमनला शिकवलं पाहिजे आणि भिंतीवर मराठीत लिहिलं पाहिजे. मीटरची खोली पार्किंगमध्ये ठेवायची सवय सोडून पहिल्या मजल्यावर न्यायची. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण जमिनीलगत ठेवलं तर पुराचं पाणी आणि गटार दोन्ही पिण्याच्या पाण्यात मिसळतात. म्हणून टाकीची मान पुराच्या पातळीवर काढायची, जमत नसेल तर टाकीच जमिनीवर बांधायची. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बाहेर गुडघाभर पाणी असतानाच तळाच्या संडासातून मैला वर येतो. या सगळ्याचा खर्च बांधताना थोडा असतो. नंतर करायचा म्हटलं तर भिंती फोडाव्या लागतात.

तर मग 2,120 रुपयांचं काय करायचं? इथेच मिश्र वसाहतीचा खरा उपयोग आहे, फक्त तो कायद्याच्या योग्य कप्प्यात बसवावा लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवाशुल्क सगळ्या घरांना सारखं लागतं. म्हणजे 400 फुटांच्या घरातली मोलकरीण आणि 700 फुटांच्या घरातला बँक अधिकारी दोघंही हजारच देणार. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 प्रमाणे अपार्टमेंटधारकांची संस्था केली तर खर्च मालकीच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटता येतो. 28 छोटी आणि 28 मोठी घरं असतील आणि हिस्सा क्षेत्रफळावर ठरला असेल, तर त्याच 56,000 मध्ये छोट्या घराला 727 आणि मोठ्याला 1,273 येतात. नोंदणीच्या दिवशी कोणता फॉर्म भरला, एवढ्याने गरिबाचे महिन्याला 273 रुपये वाचतात. मोठं घर घेणाऱ्याला हे करारनाम्यात आधीच दिसलं पाहिजे. ताबा घेतल्यावर कळलं की भांडण होतं.

दुसरा आधार रस्त्याकडेच्या गाळ्यांचा. ते विकायचे नाहीत. एका विंगखाली तीन गाळे निघाले आणि भाडं 7,000 धरलं तर महिन्याला 21,000 येतात, 28 छोट्या घरांमागे 750. त्यांचं सेवाशुल्क तेवढ्यातच भागतं. भाडेकरारात दर तीन वर्षांनी वाढीचं कलम पहिल्याच दिवशी घालायचं. गाळ्यांच्या भाडेवाढीवरून महापालिका आणि गाळेधारक यांच्यात किती वर्षं जातात, हे या शहराला सांगायला नको. तिसरा आधार म्हणजे कॉर्पस, व्याजासाठी ठेवलेली कायम ठेव. प्रत्येक छोट्या घरामागे एक लाख रुपये राष्ट्रीयीकृत बँकेत, संस्था आणि महापालिका यांच्या संयुक्त सहीने. सात टक्क्यांनी महिन्याला 583 व्याज येतं. त्यातलं निम्मंच खर्चायचं, निम्मं मुद्दलात टाकायचं, नाहीतर महागाई मुद्दल खाते. 292 रुपये हाती येतात. 727 सेवाशुल्क आणि 1,120 निधी मिळून होणाऱ्या 1,847 मधून 750 आणि 292 वजा जाता कुटुंबाला साधारण 800 रुपये द्यावे लागतात. हे झेपण्यासारखं आहे. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात सुरुवातीला घरामागे 20,000 रुपये ठेवत, त्याचं याच दराने महिन्याचं व्याज 117 रुपये होतं. आज वरळीला बीडीडी चाळींच्या जागी, 160 चौरस फुटांच्या खोल्यांतून आलेल्या कुटुंबांना 40 मजली टॉवरमध्ये 500 चौरस फुटांची घरं मिळताहेत. पहिल्या 556 कुटुंबांना 2025 मध्ये चाव्या मिळाल्या. त्या घरांचा आनंद खरा आहे. पण चाळीला लिफ्ट नव्हती, आणि 40 मजल्यांची देखभाल ही आपण वर मांडलेल्या हिशेबाच्या कित्येक पट आहे.

आणि मुंबईचं गणित इकडे आणताच येत नाही. तिथे फ्लॅटचा विक्रीदर बांधकाम खर्चाच्या कित्येक पट असतो, म्हणून एका विक्रीच्या घरातून दोन फुकट घरं निघू शकतात. कोल्हापुरात विक्रीदर बांधकाम खर्चाच्या जेमतेम दुप्पट धरता येतो, तोही कार्पेटवर. 50 गुंठे जागा आणि 100 कुटुंबं घेऊन पाहू. मूळ रहिवाशांच्या 56,000 चौरस फूट बांधकामाला 13.44 कोटी. बांधकाम होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचं संक्रमण भाडं, अडीच वर्षं दरमहा 5,000 प्रमाणे, दीड कोटी. कॉर्पस एक कोटी. प्रधानमंत्री आवास योजनेतून केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे घरटी अडीच लाख मिळाले तर अडीच कोटी वजा, उरले 13.44 कोटी. विक्रीसाठी 700 फुटांचे 100 फ्लॅट बांधले तर 98,000 चौरस फुटांना 2,600 दराने 25.48 कोटी लागतात आणि 5,500 दराने 38.50 कोटी येतात. शिल्लक 13.02 कोटी. म्हणजे व्याज, परवानग्यांचे शुल्क आणि बिल्डरचा नफा शून्य धरूनही 42 लाख कमी पडले.

हे आकडे गृहीत आहेत, दर थोडे इकडेतिकडे होतील. पण दिशा बदलत नाही. बिल्डर परोपकारासाठी येत नाही आणि त्याने तसं यावं अशी अपेक्षाही चूक आहे. तो एकास दोन प्रमाण मागेल, म्हणजे एका फुकट घरामागे दोन विक्रीची. तेव्हा त्याच जागेवर सातचे बारा मजले होतील, लिफ्ट वाढतील, अग्निशमनाचे नियम कडक होतील आणि आपण मघाशी मांडलेला मेंटेनन्स पुन्हा वर जाईल. किंवा मूळ रहिवाशांची मागची इमारत चार-चार मीटरवर खेटून बांधली जाईल. गोवंडीच्या नटवर पारेख वसाहतीत सात मजल्यांच्या इमारती जेमतेम तीन मीटरवर आहेत, आणि तिथल्या पाहणीत उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. सात मजले बांधणं हा गुन्हा नाही, पण दोन इमारतींमधली मोकळी जागा विकून खाणं नक्कीच आहे. म्हणून एकास एक प्रमाण, सातच मजले आणि तुटीचा पैसा सरकारने रोखीने द्यायचा. 100 कुटुंबांमागे काही कोटी. महापुरात दर वेळी पंचनामे, सानुग्रह अनुदान आणि स्थलांतर यांवर होणाऱ्या खर्चाशेजारी हा आकडा ठेवून बघावा.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. शहरातल्या सगळ्या झोपडपट्ट्यांना टॉवर लागत नाही. राजेंद्रनगरसारख्या वस्तीत बैठी किंवा एकमजली, स्वतःच्या कष्टाने बांधलेली घरं आहेत आणि लोकांची मागणी प्रॉपर्टी कार्डाची आहे. तिथे नावावर जागा करून द्या आणि स्वतःचं घर बांधायला योजनेचे अडीच लाख द्या. लोक उरलेलं स्वतः करतात. उंच इमारत फक्त तिथे, जिथे पूर किंवा नाला मागे हटू देत नाही.

मिश्र वस्ती म्हणजे काय, हे कोल्हापूरला कुणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. पेठेतल्या तालमीत वकिलाचा पोरगा आणि रिक्षावाल्याचा पोरगा एकाच लाल मातीत लोळतो आणि फुटबॉलच्या सामन्याला एकाच झेंड्याखाली ओरडतो. जुन्या पेठा जातीने विभागलेल्या होत्या, त्यांना रम्य ठरवण्याचं कारण नाही. पण श्रीमंत आणि गरीब एकमेकांना तोंडओळखीने ओळखत, ते एकाच गल्लीतून जात म्हणून. हे इमारतीत आणायचं तर 400 आणि 700 फुटांची घरं एकाच मजल्यावर, एकाच जिन्याला, एकाच पाण्याच्या टाकीला हवीत. "पुनर्वसन विंग" आणि "सेल विंग" अशा वेगळ्या फाटकांच्या इमारती केल्या की पाच वर्षांत मधे भिंत उभी राहते, आणि मघाचा खर्चवाटपाचा हिशेबही मोडतो, कारण दोन्हींच्या संस्था वेगळ्या होतात.

त्याचबरोबर माणसं घरात कामही करतात, हे नकाशा काढणाऱ्याने बघायला हवं. सुभाषनगर-जवाहरनगरातल्या घरी बाई चपलेची वेणी घालत दाराशी बसलेली असते. चामड्याच्या बारीक पट्ट्या ओल्या ठेवलेल्या, शेजारी पाण्याचं घमेलं, उजेड डाव्या खांद्यावरून येणारा. आत पुरुष दगडावर चपलेचा तळ ठोकतो. हेच काम पाचव्या मजल्यावर नेलं तर खालच्या घराच्या छतावर दिवसभर ठोके पडतात, खळीचा वास पॅसेजमध्ये कोंडतो आणि महिन्याभरात तक्रारअर्ज येतो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बनवणारी माणसं तिच्यासह जगायला हवीत. पार्किंगच्या मजल्याचा चौथा हिस्सा कामाच्या खोल्यांना द्यायचा: दहा बाय बारा फूट, उत्तरेचा उजेड, वेगळं नळकनेक्शन, नाममात्र भाडं. म्हशी पाळणाऱ्या गवळी कुटुंबांचा प्रश्न याहून अवघड आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणारं हे शहर गोठ्याला जागा नाही म्हणून मोकळं होऊ शकत नाही. अशा कुटुंबांना इमारतीत कोंबण्याआधी चालत जाता येईल अशा अंतरावर सामायिक गोठा, शेणखड्डा आणि पाण्याची सोय द्यायला हवी, नाहीतर ती घर भाड्याने देऊन नाल्याकाठीच परततील.

परत येण्याचा हक्क हा शेवटचा आणि सगळ्यात सहज निसटणारा मुद्दा. शिकागोच्या काब्रिनी-ग्रीन वसाहतीत 3,607 सार्वजनिक घरं होती. 1995 पासून टॉवर पाडत गेले, शेवटचा 2011 मध्ये पडला आणि जागेवर सुंदर मिश्र वसाहत उभी राहिली. पण त्याआधी अमेरिकेने जितकी घरं पाडाल तितकी परत बांधा हा नियमच रद्द केला होता: 1995 मध्ये स्थगित, 1998 मध्ये कायमचा. नव्या वसाहतीत गरिबांची घरं जुन्यापेक्षा कितीतरी कमी आहेत, आणि कित्येक कुटुंबं भाडे-अनुदानाची चिठ्ठी घेऊन शहरभर पांगली. टोरंटोच्या रीजंट पार्कमध्ये 2005 पासून हेच काम वेगळ्या पद्धतीने चाललं. 69 एकरांवरची 2,083 अनुदानित घरं एकास एक बांधून देण्याचं बंधन आधीच घातलं, परत येण्याचा हक्क लेखी दिला आणि पाडकाम टप्प्याटप्प्याने केलं. काही घरं मूळ जागेबाहेर गेली आणि त्यावर वादही झाला, पण आकडा कमी झाला नाही.

कोल्हापुरातलं संक्रमण याच चौकटीत बघा. 1972 मध्ये महापालिका झाल्यापासून हद्द वाढलेली नाही. 66.82 चौरस किलोमीटरमध्ये मोकळी सरकारी जागा म्हणजे सोनं. अडीच वर्षं शहराबाहेर पाठवलेलं कुटुंब परत येत नाही, कारण तोवर मुलांची शाळा बदललेली असते आणि कपिलतीर्थ मंडईतली भाजीची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. म्हणून आधी रिकाम्या तुकड्यावर पहिली विंग बांधायची, तिच्यात पन्नास कुटुंबं हलवायची, मग त्यांची मोकळी झालेली जागा पुढच्या विंगला. काम लांबेल, पण कुणीही दोनदा सामान बांधणार नाही.

खासगी मोठ्या प्रकल्पांकडूनही थोडी मदत मागता येते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत 4,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या गृहप्रकल्पांना 20 टक्के हिस्सा 30 ते 50 चौरस मीटरच्या घरांसाठी ठेवावा लागतो. पण ती तरतूद दहा लाख लोकसंख्येवरच्या महापालिकांना आहे. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर 5,49,236. त्यामुळे इथल्या टाउनशिपना ती लागूच नाही. ही मर्यादा पाच लाखांवर आणण्याची मागणी शहराच्या लोकप्रतिनिधींनी मुंबईत लावून धरायला हवी.

आणि कुठल्याही वस्तीची निविदा निघण्याआधी तिथल्या चौकात एक यादी लागली पाहिजे, पाच रकान्यांची. कुटुंबप्रमुख स्त्री-पुरुष दोघांची नावं. कोणती विंग आणि कोणता मजला. किती चौरस फूट. बांधकाम सुरू असताना राहायचं कुठे. आणि ताब्याच्या पहिल्या वर्षी महिन्याला मेंटेनन्स किती. पाचवा रकाना कोरा असेल तर यादी परत पाठवावी आणि कुणीही संमतीपत्रावर सही करू नये.